घरमालकाला घर स्वतःसाठी हवे असते तेव्हा : गोंदियातील भाडेकायद्याचे अर्धशतक

१/
१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतर अकराच महिन्यांनी, ३१ मार्च २००० रोजी, या जिल्ह्यातील हजारो कुटुंबांच्या डोक्यावरचा कायदा बदलला. पहिल्या घटनेचा सोहळा झाला, दुसरीची नोंद वकील आणि न्यायालयांपुरती राहिली. परंतु "मला माझे घर स्वतःला राहायला हवे आहे, तुम्ही खाली करा" या वाक्याचा कायदेशीर अर्थ त्या दिवसापासून पालटला. हा थ्रेड त्या वाक्याच्या इतिहासाविषयी आहे.

२/
भाडेकरूला बाहेर काढण्याची इतर कारणे समजण्यास सोपी असतात. भाडे थकले, परस्पर पोटभाडेकरू ठेवला, घराची नासधूस केली. या सर्वांत भाडेकरूची काहीतरी चूक असते. घरमालकाच्या स्वतःच्या गरजेचे तसे नाही. येथे भाडेकरूने काहीच वावगे केलेले नसते. तो वेळेवर भाडे देतो, घर नीट राखतो, आणि तरीही त्याला जावे लागू शकते. दोन निर्दोष माणसे आणि एकच घर, असा हा पेच आहे. म्हणूनच प्रत्येक भाडेकायद्याची खरी परीक्षा याच कलमात होते.

३/
प्रथम गावाकडे पाहू. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदिया हे भंडारा जिल्ह्याच्या तिरोडा तहसिलीतले एक लहान गाव होते. त्याला मोठे केले ते रेल्वेने. बंगाल-नागपूर रेल्वेचा हावड्याकडे जाणारा मार्ग, जबलपूरकडे जाणारी सातपुड्यातील छोटी लाइन आणि चांद्याकडे जाणारी शाखा येथे एकत्र आल्या. भंडारा आणि बालाघाटचा धान्यमाल येथे उतरू लागला. भातगिरण्या आल्या, विडीचे कारखाने आले, आणि त्यांच्यामागून कारकून, मुनीम, रेल्वे कर्मचारी, दलाल व शिक्षक आले.

४/
अशा गावात घरे बांधणारा वर्ग आणि घरात राहणारा वर्ग वेगळा असतो. व्यापारी आणि मालगुजार यांच्याकडे जागा व पैसा होता. बदली होऊन आलेल्या किंवा नोकरीच्या शोधात आलेल्या माणसाकडे फक्त पगार होता. त्यामुळे बाजारपेठेच्या मागच्या गल्ल्यांत "किरायाने राहणे" ही अनेकांची कायमची जीवनपद्धती झाली. विदर्भात आजही भाडेकरूला सर्रास किरायेदार म्हणतात. एकाच घरात बाप किरायेदार, मुलगाही किरायेदार, असे दिसू लागले.

५/
या नात्यात कायदा शिरला तो महायुद्धामुळे, आणि त्याची सुरुवात फार दूर झाली. १९१५ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात दारूगोळ्याच्या कारखान्यांसाठी कामगारांची गर्दी झाली आणि मालकांनी भाडी वाढवली. पुरुष आघाडीवर असताना त्यांच्या कुटुंबांना बाहेर काढले जाऊ लागले. मेरी बार्बर आणि तिच्यासारख्या अनेक स्त्रियांनी भाडे न देण्याचा संप उभारला. वर्ष संपण्याच्या आत ब्रिटिश संसदेला भाडेवाढ रोखणारा कायदा करावा लागला.

६/
त्या १९१५ च्या कायद्यातच एक अपवाद होता. भाडेकरूला काढता येणार नाही, मात्र मालकाला घर स्वतःच्या वापरासाठी वाजवी कारणाने हवे असेल तर न्यायालय तसा आदेश देऊ शकेल. संरक्षण आणि अपवाद एकाच दिवशी जन्मले. १९१८ साली मुंबई इलाख्यात युद्धकालीन भाडेनियंत्रण कायदा आला तेव्हा भाडेनियंत्रणाची ही कल्पना भारतात पोहोचली.

७/
दुसऱ्या महायुद्धात ती देशभर पसरली. भारत संरक्षण नियमांखाली प्रांतिक सरकारांना घरभाड्यांवर नियंत्रण ठेवण्याचे अधिकार मिळाले. युद्ध संपल्यावर, ३० सप्टेंबर १९४६ रोजी, या नियमांची मुदत संपली. महागाई मात्र ओसरली नव्हती आणि बांधकामाच्या साहित्याची टंचाई तशीच होती. म्हणून प्रांतांनी आपापले स्वतंत्र कायदे केले. गोंदिया तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. तेथे १९४६ चा, घरे भाड्याने देण्याचे नियमन करणारा अधिनियम आला. त्याच्या आधाराने १९४९ साली 'मध्यप्रांत व वऱ्हाड घरे भाड्याने देणे व भाडेनियंत्रण आदेश' निघाला.

८/
हा १९४९ चा आदेश म्हणजे आपल्या कथेचा कणा. प्रांत गेला, वऱ्हाडाचे नाव सरकारी कागदांतून मागे पडले, १९५६ मध्ये विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. तरीही विदर्भातील शहरांत भाडेकरूचे भवितव्य पुढची चाळीस वर्षे याच आदेशाने ठरत राहिले. मुंबई-पुण्यात १९४७ चा मुंबई भाडेकायदा होता, मराठवाड्यात १९५४ चा हैदराबादचा कायदा आणि विदर्भात १९४९ चा आदेश. एकाच राज्यात भाडेकरूंच्या तीन जाती होत्या, असे म्हटले तरी चालेल.

९/
आदेशातील तेरावे कलम महत्त्वाचे होते. त्याचा गाभा असा: भाडेकरार संपवण्याची नोटीस देण्यापूर्वी घरमालकाने भाडेनियंत्रकाची लेखी परवानगी घेतलीच पाहिजे. भाडेनियंत्रक म्हणजे महसूल खात्यातील अधिकारी. मालकाला थेट न्यायालयात जाता येत नसे. आधी महसूल कचेरीत अर्ज करायचा, दोन्ही बाजूंची चौकशी व्हायची आणि आदेशात दिलेल्या कारणांपैकी एखादे सिद्ध झाले तरच परवानगी मिळायची.

१०/
त्या कारणांत घरमालकाची गरज हे एक होते. त्याला दोन अटी जोडलेल्या होत्या. पहिली, घर किंवा त्याचा काही भाग मालकाला स्वतःसाठी खरोखर हवा असला पाहिजे. दुसरी, त्याच शहरात त्याचे स्वतःचे दुसरे घर त्याच्या वापरात असता कामा नये. दुसरी अट वाचायला साधी आहे, पण गोंदियासारख्या गावात तिचा परिणाम मोठा होता. ज्याची तीन-चार घरे होती आणि जो त्यांपैकी एकात राहत होता, त्याला स्वतःच्या राहण्याची सबब सांगून भाडेकरूचे दार ठोठावणे अवघड झाले.

११/
परवानगी मिळाली म्हणून घर रिकामे होत नसे, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. भाडेनियंत्रकाच्या निर्णयावर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येई. गोंदिया भंडारा जिल्ह्यात असल्यामुळे जिल्ह्याचे ठाणे भंडाऱ्याला होते. तेथे हरलेला पक्ष उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जाऊ शके. हे सर्व संपल्यावर मालकाने नोटीस द्यायची आणि मग दिवाणी न्यायालयात ताब्याचा दावा लावायचा. त्या दाव्याला पुन्हा अपील असे.

१२/
म्हणजे एकाच प्रश्नासाठी दोन जिने चढायचे होते. भाडेकरूच्या दृष्टीने ही मोठी ढाल होती. प्रत्येक पायरीवर वर्षे जात आणि तेवढी वर्षे मुलांची शाळा बदलत नसे. मालकाच्या दृष्टीने मात्र हा एक विचित्र अनुभव होता. निवृत्तीच्या वेळी अर्ज केला तर घर मिळेपर्यंत आयुष्याची संध्याकाळ सरून जाई. ज्या लग्नासाठी खोल्या हव्या असत, त्या लग्नातील वरवधूंची मुले शाळेत जाऊ लागत.

१३/
समजा, बाजाराजवळ एक जुने दुमजली घर आहे. वरच्या मजल्यावर मालकाचे सहा जणांचे कुटुंब, खाली वीस वर्षांपासून राहणारा एक शिक्षक. मालकाचा धाकटा मुलगा लग्नाचा झाला, म्हणून त्याला खालच्या दोन खोल्या हव्या आहेत. १९४९ च्या आदेशाखाली भाडेनियंत्रक विचारणार: गरज खरी आहे का? गावात याचे दुसरे घर याच्या वापरात आहे का? शिक्षकाला दुसरीकडे खोली मिळेल की नाही, हा प्रश्न त्या पोटकलमाच्या शब्दांत नव्हता. मालकाच्या गरजेचे वजन व्हायचे, पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात भाडेकरूचे हाल ठेवण्याची तरतूद नव्हती.

१४/
हीच गोष्ट मुंबई किंवा पुण्यात घडली असती तर? १९४७ च्या मुंबई कायद्यात असे दुसरे पारडे होते. मालकाची गरज वाजवी आणि खरी आहे हे सिद्ध झाले तरी न्यायालयाला पुढचा प्रश्न विचारावा लागे. ताबा दिल्याने भाडेकरूचे अधिक हाल होतील की नाकारल्याने मालकाचे? भाडेकरूचे पारडे जड असेल तर गरज खरी असूनही मालकाला घर मिळत नसे. पुण्यातील शिक्षकाला जे उत्तर होते ते गोंदियातील शिक्षकाला नव्हते. उलट महसूल अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी ही गोंदियाची ढाल पुण्याला नव्हती.

१५/
आदेशाची आणखी एक बाजू आज जवळपास विसरली गेली आहे. ज्या भागांना त्याचे पुढील प्रकरण लागू केलेले होते, तेथे घर रिकामे होणार असे कळताच सात दिवसांत मालकाने ती माहिती सरकारी अधिकाऱ्याला द्यायची. मग पंधरा दिवसांच्या आत जिल्हाधिकारी ते घर एखाद्या सरकारी नोकराला किंवा फाळणीमुळे विस्थापित झालेल्या व्यक्तीला भाड्याने देण्याचा हुकूम देऊ शकत. १९४९ हे साल आठवले म्हणजे कारण कळते. सिंधमधून आलेली कुटुंबे विदर्भातील शहरांत छप्पर शोधत होती. गोंदियातही सिंधी वस्ती उभी राहिली.

१६/
येथेही मालकाची स्वतःची गरज हा अपवाद होता. रिकामे झालेले घर स्वतःसाठी हवे असेल तर मालकाने तसे सांगायचे आणि चौकशीअंती खात्री पटल्यास अधिकारी त्याला तेथे राहू देत. म्हणजे स्वतःच्या रिकाम्या घरात राहायला जाण्यासाठीही सरकारला पटवून द्यावे लागे. आज हे ऐकून नवल वाटेल. पण घर ही टंचाईची वस्तू आहे आणि तिचे वाटप धान्यासारखे व्हावे, अशी त्या काळाची समजूत होती. शिधापत्रिकेच्या युगातील हा विचार आहे.

१७/
या कलमाने पुढे एक गुंता निर्माण केला. अनेक मालकांनी घर रिकामे झाल्याची वर्दी न देताच ते परस्पर भाड्याने दिले. मग वाद झाला की प्रश्न उभा राहायचा: नियम मोडून केलेला हा भाडेकरार कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वात आहे की नाही? १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने याच आदेशासंबंधी निर्णय दिला, की असा करार दोन पक्षांपुरता शून्यवत होत नाही. सरकारला त्याविरुद्ध कारवाई करता येईल, पण मालक आणि भाडेकरू यांचे एकमेकांशी असलेले नाते टिकून राहते.

१८/
आदेशाची सर्वांत मोठी पळवाट कालमर्यादेत होती. १ जानेवारी १९५१ नंतर बांधलेल्या घरांना तो लागूच नव्हता. नवी घरे बांधायला लोकांना उत्तेजन मिळावे हा हेतू. परिणाम असा झाला की जुन्या बाजारातील कौलारू घराचा भाडेकरू सुरक्षित आणि नव्या वस्तीतील सिमेंटच्या घराचा भाडेकरू उघड्यावर. त्या नव्या घराच्या मालकाला स्वतःची गरज सांगण्याचीही आवश्यकता नव्हती. मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे मुदतीची नोटीस दिली की पुरे.

१९/
ही सूट तब्बल अडतीस वर्षे चालली. १९८९ साली राज्य शासनाने ती काढून टाकली आणि त्याच वेळी आदेशात एक नवे कलम घातले: भाडेनियंत्रकाची लेखी परवानगी सादर केल्याशिवाय, प्रलंबित दाव्यातसुद्धा, ताब्याचा हुकूमनामा देता येणार नाही. निकालाच्या उंबरठ्यावर असलेले अनेक मालक एका रात्रीत पुन्हा पहिल्या पायरीवर आले. नव्या वस्त्यांतील भाडेकरूंना जी ढाल मिळाली, ती त्यांच्या शेजाऱ्यांना १९४९ पासून होती.

२०/
शहरातील या प्रश्नाचे एक भावंड शेतात होते. विदर्भासाठी १९५८ साली कूळकायदा झाला. त्यातही जमीनमालकाला "मला जमीन स्वतः कसायची आहे" असे सांगून काही मर्यादेपर्यंत कुळाकडून जमीन परत मागता येत होती. जमीन घेऊन ठराविक काळात स्वतः कसली नाही, तर ती कुळाला परत द्यावी लागे. भाषा तीच, संशय तोच: स्वतःची गरज खरी आहे की माणूस काढण्याचे निमित्त?

२१/
पण शेताच्या बाबतीत कायदा पुढे निघून गेला. १ एप्रिल १९६१ आणि १ एप्रिल १९६३ या तारखांना, ठरवलेल्या अटींनुसार, कुळे जमिनीचे मालक झाली. भाताच्या बांधीत राबणारा कूळ मालक होऊ शकला. शहरातील किरायेदार मात्र पन्नास वर्षे राहूनही किरायेदारच राहिला. ज्याने कसले त्याची जमीन, हे तत्त्व राज्याने मान्य केले. जो राहिला त्याचे घर, हे तत्त्व कधीच मान्य झाले नाही. भाडेकरूला फक्त एवढेच वचन होते, की पुरेशा कारणाशिवाय त्याला उठवले जाणार नाही.

२२/
जिल्ह्याच्या सीमेपलीकडेही पाहण्यासारखे आहे. बालाघाट आणि राजनांदगाव हे कधीकाळी याच प्रांताचे भाग होते. १९५६ नंतर ते मध्यप्रदेशात राहिले आणि तेथे १९६१ चा स्वतंत्र कायदा आला. त्याने एक शहाणी अट घातली. भाडेकरूसह घर विकत घेणाऱ्या नव्या मालकाला, खरेदीपासून एक वर्ष उलटल्याशिवाय, स्वतःच्या गरजेच्या कारणावरून दावा लावता येत नाही. घर स्वस्तात घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी "मला राहायचे आहे" म्हणायचे, या युक्तीला त्यामुळे आळा बसला. १९८३ मध्ये त्याच कायद्यात विधवा, निवृत्त सरकारी नोकर अशा काही मालकांसाठी स्वतंत्र, जलद मार्गही काढला गेला.

२३/
महाराष्ट्रात तीन कायद्यांचा संसार एकत्र करण्याची चर्चा वर्षानुवर्षे चालली होती. तिला निकड आणली सर्वोच्च न्यायालयाने. १९ डिसेंबर १९९७ च्या निर्णयात न्यायालयाने म्हटले, की मुंबई कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवून ठेवणे काळाच्या ओघात अवाजवी झाले आहे. त्या कायद्याची मुदत संपत आलेली असल्याने न्यायालयाने त्या तरतुदी रद्द केल्या नाहीत, पण नवा, न्याय्य कायदा करण्याची अपेक्षा स्पष्ट केली. त्यातून 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९' आला.

२४/
३१ मार्च २००० पासून मुंबई, हैदराबाद आणि मध्यप्रांत-वऱ्हाड हे तिन्ही कायदे रद्द झाले. गोंदियातील मालकाला आता भाडेनियंत्रकाच्या परवानगीची गरज उरली नाही. दावा थेट दिवाणी न्यायालयात, अपील एकच. एक जिना पाडला गेला. जे अर्ज आणि दावे त्या दिवशी प्रलंबित होते ते मात्र जुन्याच कायद्याने चालवायचे होते, त्यामुळे १९४९ चा आदेश मेल्यानंतरही काही वर्षे कचेऱ्यांत वावरत राहिला.

२५/
त्याच वेळी विदर्भाच्या भाडेकरूला प्रथमच ते दुसरे पारडे मिळाले. नव्या कायद्याच्या सोळाव्या कलमात मालकाच्या "वाजवी आणि खऱ्या" गरजेचे कारण आहे. त्याच्याच पोटात अट आहे: मालक व भाडेकरू यांना दुसरी योग्य जागा उपलब्ध आहे का यासह सर्व परिस्थिती पाहून, हुकूमनामा दिल्याने अधिक हाल होणार असतील तर तो देऊ नये. शिवाय घराचा काही भाग दिल्याने कोणाचेच हाल होत नसतील, तर तेवढ्याच भागापुरता हुकूमनामा द्यावा. आपल्या उदाहरणातील शिक्षकाला आता म्हणता येईल: दोनपैकी एक खोली घ्या, एक राहू द्या.

२६/
"वाजवी आणि खरी" या शब्दांचा अर्थ न्यायालयांनी हळूहळू घडवला. नुसती इच्छा म्हणजे गरज नव्हे. पण गरज म्हणजे उपासमारीची पाळीही नव्हे. आपल्या कुटुंबाला किती जागा लागते, हे सर्वसाधारणपणे मालकच ठरवणार. त्याने कसे राहावे हे भाडेकरूने सांगू नये. १९९९ साली महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात, टाळेबंदी झालेल्या कंपनीतील एका नोकरदार मालकाला भाड्याने दिलेल्या जागेत किराणा दुकान काढायचे होते. त्याने नोकरीचा राजीनामा दिलेला नाही म्हणून त्याची गरज खोटी, हा खालच्या न्यायालयांचा तर्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही.

२७/
वेळेचा प्रश्न त्याहून कठीण. दावा लावताना मुलगा लग्नाचा असतो. निकाल लागतो तेव्हा तो परगावी स्थायिक झालेला असतो. गरज कोणत्या दिवसाची मोजायची? २००१ मधील एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की अर्ज केला तो दिवस महत्त्वाचा. न्यायालयाच्या विलंबाची शिक्षा मालकाला देऊ नये. ते प्रकरण दोन दशकांहून अधिक काळ चालले होते. तरीही नंतरच्या घटनेने गरज पूर्णपणे नाहीशी झाली असेल, तर ती विचारात घेतली जाते.

२८/
आणि हालांचे मोजमाप? येथे भाडेकरूने गप्प बसून चालत नाही. मालकाची गरज सिद्ध झाली की आपले हाल अधिक होतील हे दाखवण्याची जबाबदारी मुख्यतः भाडेकरूकडे सरकते. त्याने पर्यायी जागा शोधली का, कोठे शोधली, किती भाडे सांगितले, घरात आजारी किंवा वृद्ध कोण आहे, मुलांची शाळा कोठे आहे, हे पुराव्याने मांडावे लागते. "जागा मिळत नाही" एवढे विधान पुरेसे नसते. अनेक भाडेकरू खटला हरतात ते मालकाची गरज मोठी होती म्हणून नव्हे, आपली गरज त्यांनी सांगितलीच नाही म्हणून.

२९/
खोटी गरज सांगून घर मिळवणाऱ्यासाठीही कायद्यात उत्तर आहे. या कारणावरून ताबा मिळाल्यावर एक महिन्याच्या आत मालक तेथे राहायला आला नाही, किंवा एक वर्षाच्या आत त्याने ते घर दुसऱ्या कोणाला भाड्याने दिले, तर जुना भाडेकरू तेरा महिन्यांच्या आत न्यायालयात अर्ज करून जुन्याच अटींवर परत येऊ शकतो. हे सतरावे कलम मुंबईच्या जुन्या कायद्यातही होते. तेरा महिने हा काळ नीट लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण तो उलटला की दार बंद होते.

३०/
खटल्याची वाट न पाहता पाणी तोडणे, वीज बंद करणे, जिन्याला कुलूप लावणे हे मार्ग जुने आहेत. नव्या कायद्याचे एकोणतिसावे कलम त्यांना मनाई करते. अत्यावश्यक सेवा पुन्हा सुरू करून देण्याचा हुकूम न्यायालय देऊ शकते. मालकाची गरज कितीही खरी असो, ती न्यायालयाच्या दारातूनच आली पाहिजे.

३१/
आता या इतिहासाचा आजचा टप्पा. वर सांगितलेले सर्व संरक्षण भाडेकरूला आहे. गोंदियात आज खोली घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या, बँक कर्मचाऱ्याच्या किंवा नवविवाहित जोडप्याच्या हाती बहुधा अकरा महिन्यांचा कागद असतो. तो जर 'लिव्ह अँड लायसन्स' असेल, म्हणजे केवळ वापराची परवानगी, तर मुदत संपली की विषय संपतो. चोविसाव्या कलमाखाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मागू शकतो आणि मुदतीनंतर राहणाऱ्याला दुप्पट रक्कम द्यावी लागू शकते. तेथे मालकाच्या गरजेची चौकशी नाही, हालांचा तराजूही नाही.

३२/
याला केवळ मालकांची चलाखी म्हणणे अन्यायाचे होईल. दोन जिन्यांच्या काळात ज्यांनी आपल्याच घरासाठी पंधरा-वीस वर्षे वाट पाहिली, त्यांच्या मुलांनी पुन्हा कोणाला भाडेकरू म्हणून ठेवायचेच नाही असे ठरवले. संरक्षण इतके लांबले की संरक्षित नातेच मालकांनी टाळले. भाडेकरूंच्या जुन्या पिढीने जे जपले, त्याची किंमत अशी नव्या पिढीने मोजली.

३३/
म्हणून कागद वाचणे हा आज पहिला हक्क आहे. त्यावर भाडेकरार लिहिले आहे की परवानगी, मुदत किती, तो नोंदणीकृत आहे का, हे पाहावे. कराराची लेखी नोंदणी करणे ही पंचावन्नाव्या कलमाने मालकाची जबाबदारी ठरवली आहे. ती त्याने टाळली तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ज्यांची वहिवाट जुनी आहे त्यांनी भाड्याच्या पावत्या, मनीऑर्डरच्या पोचपावत्या आणि जुनी नोटीस जपून ठेवावी.

३४/
विदर्भातील अनेक घरांत अजून एखाद्या पेटीत भाडेनियंत्रकाच्या कचेरीचा पिवळा पडलेला हुकूम असेल: परवानगी दिली, किंवा परवानगी नाकारली. या विषयाचा खरा इतिहास त्या कागदांत आहे. त्यांत कुटुंबात किती माणसे, किती खोल्या, कोण आजारी, कोणाचे लग्न ठरले, हे सारे नोंदलेले असते. एका शहरात लोक कसे राहत होते, हे कोणत्याही गॅझेटियरपेक्षा ते अधिक बारकाईने सांगतात. ते रद्दीत देऊ नका.